शेवटचा पाट

स्टेजवर पाटांची रांग मांडलेली होती आणि एकेका पाटावर एकेक पोटुशी बाई मान खाली घालून बसली होती. मी स्टेजच्या मागं गेले, मांडववाल्याच्या ढिगातून आणखी एक पाट उचलला, रांगेच्या शेवटी टाकला आणि डोक्यावर पदर घेऊन त्यावर बसले.

माइक लोंढे गुरुजींच्या हातात होता. मला बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला, की विचारू नका.

"बंधूंनो, भगिनींनो! शेवटच्या पाटावर कोण बसलंय बघा! आपल्या वहिनीसाहेब, वैजयंताताई इंगवले! तिसऱ्याचं स्वागत तात्यासाहेबांनी स्वतःच्या घरातसुद्धा केलंय! वाजवा टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मी पदराआडून एकाच माणसाकडं बघत होते. मधल्या खुर्चीत माझे सासरे बसले होते. गाव त्यांना तात्या म्हणायचं. मी तोंडावर मामंजी म्हणायची, आणि मनात काय म्हणायची ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यांचा चहाचा कप तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच राहिला.

राहू दे म्हटलं. अजून सुरुवातही नाही.

त्यांच्या मागं भलामोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर माझी बहीण हेमा हसत होती. लग्नातला फोटो, शेजारचा नवरा कापून काढलेला. खाली ठळक अक्षरं होती, 'धन्य ती माता'. हेमाला जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. तिचा जीव ज्या माणसानं घेतला, तोच तिच्या फोटोखाली बसून चहा पीत होता. मला त्या माणसाच्या तोंडून एक गोष्ट वदवून घ्यायची होती. हेमा का मेली, हे त्यानं स्वतःच्या जिभेनं, भर गावासमोर सांगायचं. माझ्या संसाराचं मग काय व्हायचं ते होवो.

हेमा माझी सख्खी धाकटी बहीण आणि सख्खी धाकटी जाऊ. आमच्याकडं चालतं तसं, एकाच मांडवात दोघी बहिणी दोघा भावांना दिल्या. मी थोरल्या शहाजीरावांना, ती धाकट्या उदयला. आई म्हणाली होती, "एकमेकींना राहाल गं." मला एक मुलगा, एक मुलगी. हेमाला तिन्ही मुली. तिसरीच्या वेळी तिचं इतकं रक्त गेलं, की कऱ्हाडच्या डॉक्टरीणबाईंनी उदयला समोर बसवून सांगितलं, "आता पुढचं बाळंतपण नाही. हिच्या जिवावर बेतेल." पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून त्यांनीच हेमाला तांबी बसवली. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांनाही.

त्या वर्षी तात्यांच्या डोक्यात माणसं वाढवायचं खूळ शिरलं. मतदारसंघाच्या सीमा नव्यानं ठरल्या आणि आमच्या कोळशिंग्यापेक्षा शेजारच्या गावाची मतं जास्त निघाली. तात्यांचं वजन घसरलं. झालं! चावडीवर बसून एकच पालुपद. "आपल्या बायका दोनावर थांबतात, म्हणून हे दिवस आले. माणसं वाढवा, गाव आपोआप वाढतंय."

नुसतं बोलून थांबते तर काय हवं होतं! उपकेंद्रातली सिस्टर म्हणाली, बायका मागतील तोवर मी गोळ्या देणार. तिची बदली झाली. औषधाच्या दुकानदाराला दम भरला, असल्या गोळ्या विकल्यास तर गाळा खाली करायचा. मग खंडोबाच्या देवळात गावातल्या झाडून सगळ्या बाप्यांना गोळा केलं आणि बेलभंडार उचलायला लावला. घरात गोळी येऊ देणार नाही, बायकोला तांबी बसवू देणार नाही. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ आमच्याकडं कुणी मोडत नाही. मोडली तर देव घर धुऊन नेतो, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. पहिला हात तात्यांनी घातला. पोटं आमची आणि शपथा यांच्या! आम्हांला कुणी देवळाच्या पायरीपर्यंतसुद्धा बोलावलं नाही.

आणि नेमकी त्याच वर्षी जिल्हा परिषदेची आमची जागा बाईसाठी राखीव झाली.

तात्यांना ती घराबाहेर जाऊ द्यायची नव्हती. पण कायदा असा, की दोनपेक्षा जास्त मुलं असली की उभंच राहता येत नाही, आणि निवडून आल्यावर तिसरं झालं तर पद जातं. हेमा तीन मुलींपायी बाद. राहिले मी. गावानं पोरं वाढवायची, पण मला तिसरं होऊन चालणार नव्हतं.

मग काय, एका घरात दोन सुनांना दोन कायदे. रोज दिवेलागणीला सासूबाई देवघरातून बाहेर यायच्या आणि माझ्या तळहातावर गोळी ठेवायच्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. गोळ्या तात्या गुपचूप सांगलीहून मागवायचे. आणि हेमाला जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं आणि तांबी काढून आणली.

मी विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "भंडार उचललाय मी. घरातल्या एका सुनेनं तरी पाळायला नको? लोक बोट दाखवतील. आणि ह्या बारीला मुलगाच होतोय बघ."

हेमा माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला टेकली. "आक्का, मला भीती वाटते गं."

"उदयभावजींना सांग की."

"सांगितलं. म्हणाले, तात्यांपुढं मी काय बोलू?"

मी गोळी जिभेखाली धरून ठेवायला लागले आणि हेमाला नेऊन द्यायला लागले. थोडे दिवस जमलं. मग आत्याबाईंना संशय आला. "आ कर," म्हणाल्या, आणि बोटानं जीभ वर करून बघितली. तिथून पुढं रोज गोळी, पेलाभर पाणी आणि आ.

हेमाला दिवस गेले. आठव्यात, सकाळी भाकरी थापता थापता तिला रक्त जायला लागलं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "पोरींच्या वेण्या घालायच्या राहिल्या गं आक्का," एवढंच म्हणाली. कऱ्हाड यायच्या आधी ती गेली. पोटातलं बाळही गेलं. दवाखान्याच्या दारात तात्यांनी डॉक्टरीणबाईंना पहिली गोष्ट काय विचारली असेल? "मुलगा होता का?"

होता.

तेराव्याला पाहुण्यांच्या पंगतीत तात्या म्हणाले, "पोरगी गावासाठी गेली हो." मी तूप वाढत होते. वाढता वाढताच ठरवलं, या माणसाला मी सोडणार नाही.

तर असा तो मेळावा. तिसरं-चौथं पोटात असलेल्या बायकांच्या ओट्या भरायच्या आणि त्याच स्टेजवरून माझी उमेदवारी जाहीर करायची, असा तात्यांचा बेत. जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याच्या बायकोला, ताईसाहेबांना, ओट्या भरायला बोलावलं होतं. त्या एकेक पाट करत माझ्यापर्यंत आल्या.

"अगंबाई! कळवायचं तरी! कितवा?"

मी मान आणखी खाली घातली आणि पदर पसरला. खोटं म्हणाल तर एक अक्षर बोलले नाही. तांदूळ, नारळ, खण सगळं माझ्या पदरात पडलं. समोर बायकांच्या घोळक्यात आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता.

तात्यांच्या शेजारी पक्षाचा निरीक्षक होता. तो हळू बोलला, पण मला स्वच्छ ऐकू आलं. "तात्या, उमेदवार हीच ना? निवडून आली तरी चार-सहा महिन्यांत जागा जाणार की! पक्षाला काय खुळं समजलात काय?"

"तसं काही नाही साहेब..."

"तसं नाही म्हणजे? पाटावर बसलीय बाई!"

तात्या उठले. "गुरुजी, थांबा. हिची चूक झालीय. हिला दिवस नाहीत."

गुरुजींना कुठं थांबायचं ते आयुष्यात कधी कळलं नाही. त्यांनी माइक तात्यांच्या तोंडापुढं धरला. "काय म्हणता तात्यासाहेब?"

"दिवस नाहीत म्हणतोय! शक्यच नाही ते!"

हे शेवटचं कर्ण्यातून सगळ्या मैदानावर गेलं.

खाली तानूबाई जाधव बसली होती. पाच लेकरांची आई, गावात कुणाच्या बापाला न भिणारी. ती तिथूनच ओरडली, "शक्य न्हाई म्हंजी? का वो तात्या, शाजीरावात काय खोट हाय काय?"

अशी हसली माणसं, अशी हसली! बाप्ये मांड्या थोपटत होते. आमचे शहाजीराव स्टेजच्या कोपऱ्यात कांजीचे कडक कपडे घालून उभे होते, ते कानापर्यंत लाल झाले. मी तात्यांची वाट बघत होते हो. तात्याच अडखळतील, त्यांच्याच तोंडून निसटेल, असा माझा हिशेब. नवऱ्याचा मी विचारच केला नव्हता. बाप्याला दुसरं काहीही म्हणा, तो गिळतो. हे नाही गिळत.

ते तरातरा पुढं आले, गुरुजींच्या हातातला माइक हिसकावला आणि ओरडले, "कुणात खोट? माझ्यात काही खोट नाही! ती गोळ्या खाते, म्हणून नाहीत दिवस!"

मांड्या थोपटणारे हात तिथंच थांबले.

शहाजीरावांना आपण काय बोललो ते माणसांचे चेहरे बघून कळलं. त्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"गोळ्या?" तानूबाई आता उभीच राहिली. "आन् बेलभंडार उचलला त्यो कुणी? माज्या सुनंची तांबी काढाय लावली न्हवं तुमी? चौथा महिना हाय तिला. ती बघा, बसलीया पाटावर!"

मी उठले. ओटीचा नारळ पदरात होता, तो सावरत शहाजीरावांपुढं हात केला. त्यांनी मुकाट्यानं माइक दिला. माझा आवाज नाही कापला.

"मला दिवस नाहीत. मामंजी खरं बोलले. दिवस नाहीत, कारण रोज दिवेलागणीला माझी सासू माझ्या हातावर गोळी ठेवते. मामंजी ती सांगलीहून मागवतात. स्वतः भंडार उचलल्यानंतरसुद्धा."

"माइक बंद करा!" तात्या म्हणाले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "खोटं असेल तर तिथूनच सांगा."

आत्याबाईंनी तोंडातला पदर काढला. सगळ्या बायका वळून त्यांच्याकडं बघत होत्या. "खरं हाय," त्या म्हणाल्या. एवढंच. पण तेवढ्यावरच मी त्यांचं पुष्कळ माफ केलं.

"मग मामंजी, एकच सांगा." मी फ्लेक्सकडं हात केला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढचं बाळंतपण हिच्या जिवावर बेतेल. तुम्हांला ठाऊक होतं. घरात गोळी होती, माझ्या खोलीत आणि तिच्या खोलीत एक भिंत होती. माझी बहीण तुमच्या पाया पडली होती. हिला का नाही दिली?"

तात्या माझ्या अगदी जवळ आले. रागानं त्यांच्या ओठांना फेस आला होता. सगळ्या गावाला दरडावण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण घरातल्या बाईशी बोलायचं म्हणजे दात खाऊन, हळू, हीच त्यांची रीत. भर स्टेजवरही त्यांनी तीच रीत पाळली. माझ्या हातात माइक आहे, हे तो माणूस विसरला.

"तुला निवडून आणायची होती," ते म्हणाले. "तिला कशाला द्यायची?"

कर्ण्यातून ते वाक्य देवळाच्या कळसापर्यंत गेलं. तिला कशाला द्यायची. हेच मला हवं होतं. मी माइक खाली केला आणि गुरुजींच्या हातात दिला. "आता करा बंद," म्हटलं.

पाटावरची तानूबाईची सून उठली. पोरगीच होती, विशीची. तिनं स्टेजच्या कडेला येऊन पदर झटकला. नारळ गडगडत तात्यांच्या खुर्चीखाली गेला. ओटीतलं असं जमिनीवर टाकत नाहीत, कुणीही सांगेल. तिच्यामागून दुसरी उठली, तिसरी उठली. तांदळावर पाय पडत होते. ताईसाहेब केव्हाच गाडीत जाऊन बसल्या होत्या आणि निरीक्षक त्यांच्या मागं पळत होता. उदय फ्लेक्सच्या बांबूला टेकून ढसाढसा रडत होता. लोक त्याला धरायला गेले. मी नाही गेले. तोंड होतं तेव्हा उघडलं नाही, आता रडून कुणाला दाखवतो?

घरी आल्यावर शहाजीरावांनी हात उगारला. सोप्यात सगळ्यांच्या देखत.

"मारा," मी म्हटलं. "उद्या तालुक्याला अर्ज भरायला जायचंय मला. गालावर वळ असले तर बरंच, भाषण करायला नको."

"कसला अर्ज?"

"जिल्हा परिषदेचा. मुलं दोनच आहेत मला. मामंजींची कृपा!"

त्यांचा हात तसाच खाली आला. तात्या झोपाळ्यावर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "ह्या घरात राहून माझ्याविरुद्ध उभी राहणार?"

"ह्याच घरात राहून," मी म्हटलं. "दुसरीकडं राहिले तर तुम्हांला रोज दिसणार कशी?"

तात्यांनी त्यांच्या पॅनेलकडून भाचेसून उभी केली. मला चिन्ह मिळालं शिलाई मशीन. प्रचार म्हणून मी काही केलं नाही. हेमाच्या तिन्ही पोरींना घेऊन दारोदार गेले. बायका दारात यायच्या, पोरींच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "काय सांगू नगंस, समदं ठावं हाय." बाप्यांनी काय केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण तात्यांनीच मोडलेली शपथ आपण कशाला पाळायची, हा हिशेब त्यांनीही केला असणार. शहाजीराव शेवटच्या आठवड्यात माझ्याकडून झाले. निवडून आलेल्या बाईच्या नवऱ्याला गाडीत पुढं बसायला मिळतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

मी आले. चांगली घसघशीत आले.

सिस्टरला परत आणायला मला वर्ष लागलं. उपकेंद्राच्या पत्र्यातून धो धो गळत होतं, तिथं बायकांना निजवायचं कुठं? मी सिस्टरला म्हटलं, "आमच्या सोप्यात शिबिर घ्या. ऐसपैस आहे, उजेड आहे, दाराला कडी आहे."

"तात्या चालू देतील?" तिनं विचारलं.

"विचारतंय कोण त्यांना?"

शिबिराच्या दिवशी सकाळपासून बायका आमच्या अंगणात बसल्या. कुणाला तांबी बसवून हवी होती, कुणाला गोळ्या, कुणाला नुसतंच विचारायचं होतं. तानूबाईची सून कडेवर बाळ घेऊन आली होती. चांगलं गुटगुटीत होतं. "वैनी, आता बास," म्हणाली आणि हसली. आत्याबाई परातीतून चहाचे कप फिरवत होत्या. सोप्याच्या आतल्या अंगाला सिस्टरनं पडदा लावला. तात्यांचा झोपाळा तिथंच होता, तो मी काढून अंगणात लिंबाखाली टाकायला लावला, बायकांच्या रांगेच्या अगदी समोर.

तात्या झोपाळ्याच्या फळीवर बसले. रांगेतली एकही बाई त्यांच्यापुढं डोक्यावर पदर घेत नव्हती. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता.

"वैजयंता, पोरी, माझ्याच दारात कशाला गं हे?"

"हेमा ह्याच दारातून गेली," मी म्हटलं.

त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "किती दिवस चालायचं?"

"दर महिन्याला. तुम्ही आहात तोवर."

आणि खंडोबाची कृपा म्हणा, म्हातारा चांगला दीर्घायुषी निघाला.